बावीस जणांत एक

कर्नाटकातल्या प्रौढांचे रक्त तपासले तेव्हा १०० पैकी २६.५ जणांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नपदार्थाविरुद्धची आयजीई (ॲलर्जीशी निगडित) प्रतिपिंडे सापडली. तोच पदार्थ खाल्ल्यावर त्रासही होतो, अशी माणसे मात्र शंभरात १.२ भरली. म्हैसूरचे डॉ. पी. ए. महेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पातला हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या फेरीत ११,७९१ जणांना प्रश्न विचारले गेले, त्यांतल्या ५८८ जणांची सविस्तर तपासणी झाली. २६.५ ला १.२ ने भागले की २२ येतात. रक्ताच्या अहवालात ‘पॉझिटिव्ह’ दिसणाऱ्या बावीस जणांत खरा ॲलर्जीचा रुग्ण एक.

हे प्रमाण छत्रपती संभाजीनगरला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत पावणेबारा लाख लोक होते. त्यांतले सात लाख प्रौढ धरले, तर अहवालात काहीतरी सापडेल अशी माणसे १ लाख ८५ हजार होतात आणि एखादा पदार्थ खरोखर बाधणारी साधारण ८,४००. हा अंदाज आहे, मोजणी नाही. पण दोन आकड्यांमधली दरी नजरेत भरते. शाळकरी मुलांमध्ये खऱ्या रुग्णांचे प्रमाण आणखी कमी आहे. त्याच आंतरराष्ट्रीय प्रकल्पातल्या मुलांच्या पाहणीत, जी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, हाँगकाँगमध्ये १.५ टक्के, रशियात ०.८७ टक्के आणि भारतात ०.१४ टक्के मुलांना अन्नाची ॲलर्जी आढळली. दहा हजार मुलांमागे चौदा.

ते ८,४०० प्रौढ म्हणजे कोणाचे तरी आईवडील. एखाद्या आईला शेंगदाण्याने गांधी उठतात, एखाद्या वडिलांचा घसा कोळंबीने आवळतो. अशा घरात मूल जन्माला आले की पहिला प्रश्न हाच येतो: याला माझीच ॲलर्जी असेल का? या प्रश्नाला आकडेवारीत उत्तर आहे, आणि ते बहुतेक घरांत चालणाऱ्या समजुतीपेक्षा बरेच वेगळे आहे.

आनुवंशिकता आहे, हे आधी मान्य करू. अमेरिकेत २००० साली जुळ्या भावंडांच्या ५८ जोड्या तपासल्या गेल्या. एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण एकबीज जुळ्यांत ६४.३ टक्के निघाले, द्विबीज जुळ्यांत ६.८ टक्के. जनुके सारखी तर ॲलर्जीही बहुधा सारखी, इतके यातून दिसते. पण आईबापांचे मुलाशी नाते एकबीज जुळ्यांचे नसते, अर्ध्या जनुकांचे असते. मेलबर्नच्या मोठ्या पाहणीत, जिथे ५,२७६ एक वर्षाच्या बाळांची तपासणी झाली, घरात दोन किंवा अधिक जणांना कसली तरी ॲलर्जी असेल तर बाळाला अन्नाची ॲलर्जी असण्याची शक्यता १.८ पट होती. एकाच सदस्याला असेल तर १.४ पट. धोका वाढतो, दुप्पटही होत नाही. शिवाय ‘कसली तरी ॲलर्जी’ यात दमा, परागकणांमुळे होणारा सर्दीचा त्रास आणि इसब हेही आले. मुलाकडे येतो तो ॲलर्जीचा कल. विशिष्ट पदार्थ वारशात ठरून येत नाही.

भावंडांचा आकडा मला याहून बोलका वाटतो. अमेरिकेतल्या २०१६ च्या अभ्यासात अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलांची १,१२० भावंडे तपासली. खरी ॲलर्जी १३.६ टक्क्यांना होती. चाचणी पॉझिटिव्ह पण खाल्ल्यावर काहीच होत नाही, अशी तब्बल ५३ टक्के. म्हणजे घरात एकाला त्रास आहे म्हणून धाकट्यालाही ‘एकदा तपासून घेऊ’ म्हटले, तर निम्म्याहून जास्त वेळा अहवाल भीती घालणार आणि ती भीती निराधार असणार. ॲलर्जी असलेल्या आईबापांची मुले याच सापळ्यात अडकतात. लक्षण काही नसते, पण ‘घरात आहे ना’ म्हणून तीस-चाळीस पदार्थांचे पॅनेल केले जाते आणि मग ताटातून एकेक वस्तू नाहीशी होऊ लागते. आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांवर बेतलेली ‘फूड इनटॉलरन्स’ पॅनेले तर याहूनही वाईट. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच स्पष्ट केले की ही प्रतिपिंडे फक्त तो पदार्थ पोटात गेल्याचे सांगतात, ॲलर्जीचे निदान त्यावरून करू नये. मूल जे रोज खाते, तेच त्या अहवालात लाल रंगात येते.

काढलेले पदार्थ परत देता येतात का? डेन्व्हरच्या रुग्णालयातला २०११ चा अभ्यास सांगतो की येतात, आणि मोठ्या संख्येने. १२५ मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली एकूण ३६४ वेळा संशयित पदार्थ खाऊ घालून पाहिले. त्यांतल्या ३२५ वेळा, म्हणजे ८९ टक्के वेळा, काहीही झाले नाही. यातली बरीच मुले केवळ चाचणीच्या कागदावरून वर्षानुवर्षे पथ्यावर होती.

आपल्याकडे या पथ्याची किंमत जास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची निघाली. देशभरात सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी ११.३ टक्केच. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये छत्रपती संभाजीनगरातूनच सुरू झाले. महागडी पॅनेले करणारी घरे आणि कुपोषणाच्या आकडेवारीतली घरे एक नाहीत, हे खरे. पण शाकाहारी घरातल्या मुलाचे दूध, डाळ आणि शेंगदाणे एकदम बंद झाले तर प्रथिने येणार कुठून? शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण २५ ग्रॅम प्रथिने असतात, तूरडाळीत २२. भाकरी-भाताने ही उणीव भरून निघत नाही. शेंगदाणा बाधला म्हणून सगळ्या डाळी सोडणारेही भेटतात, कारण दोन्ही एकाच कुळातल्या. प्रत्यक्षात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या पाश्चात्त्य रुग्णांत दुसरी एखादी डाळ खरोखर बाधणारे सुमारे ५ टक्केच असतात.

खाऊ घातल्याने काय होते

या विषयातली सगळ्यात मोठी उलथापालथ गेल्या पंचवीस वर्षांत झाली. २००० साली अमेरिकी बालरोग संघटनेने ॲलर्जीचा कौटुंबिक इतिहास असलेल्या बाळांसाठी सल्ला दिला: दूध एक वर्षापर्यंत नको, अंडे दोन वर्षांपर्यंत नको, शेंगदाणे आणि मासे तीन वर्षांपर्यंत नकोत. २००८ मध्ये संघटनेने तो मागे घेतला, कारण त्याला पुराव्याचा आधार सापडला नाही. आपल्याकडे तो सल्ला अजून घराघरांत जिवंत आहे आणि ॲलर्जी असलेल्या आईबापांना तर तो हमखास मिळतो.

त्याच २००८ मध्ये इस्रायल आणि ब्रिटनमधल्या ज्यू मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. वंश तोच. शेंगदाण्याची ॲलर्जी ब्रिटनमध्ये १.८५ टक्के, इस्रायलमध्ये ०.१७ टक्के, जवळजवळ अकरापट फरक. इस्रायलमधली बाळे आठ-नऊ महिन्यांपासून शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ चघळतात, ब्रिटनमधल्या बाळांना शेंगदाणा जवळपास मिळतच नव्हता. मग लंडनच्या गिडिअन लॅक यांच्या गटाने प्रयोगच केला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे सर्वाधिक धोक्याची, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळे घेतली. निम्म्यांना शेंगदाणा टाळायला सांगितला, निम्म्यांना नियमित द्यायला. पाचव्या वाढदिवसापर्यंत टाळणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. हा निकाल २०१५ चा. तीच मुले मोठी झाल्यावर, बाराव्या वर्षाच्या आसपास, ५०८ जणांना पुन्हा तपासले तेव्हाही फरक टिकून होता: १५.४ आणि ४.४ टक्के. मधली कित्येक वर्षे त्यांना शेंगदाणा खाण्याची सक्ती नव्हती.

या प्रयोगातले प्रमाण आपल्या स्वयंपाकघरात सहज बसते. आठवड्याला ६ ग्रॅम शेंगदाण्याचे प्रथिन, तीन किंवा अधिक वेळा विभागून. म्हणजे साधारण २४ ग्रॅम शेंगदाणे, आठवड्याभरात तीनेक मोठे चमचे बारीक कूट. मराठवाड्याच्या घरात हे कूट भाजीत, ठेच्यात रोजच असते, एकादशीला भगरीसोबतच्या आमटीतही. बाळाला मात्र ‘पित्त होईल, खोकला होईल’ म्हणून दीड-दोन वर्षे त्यापासून लांब ठेवले जाते. कूट अगदी बारीक करून खिमटात किंवा वरणभातात कालवून सहा महिन्यांनंतर देता येते. अख्खा किंवा अर्धा शेंगदाणा मात्र पाच वर्षांखालच्या मुलाला कधीही देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो आणि ती वेगळीच जीवघेणी गोष्ट आहे. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याने त्रास झालेला असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून मगच सुरुवात करावी. अशा बाळांना याचा फायदा सर्वाधिक आहे, म्हणून ‘नको’ ऐवजी ‘कसे आणि कुठे’ हे विचारायचे.

जिला शेंगदाण्याने स्वतःलाच झटका येतो, त्या आईने बाळाला तो भरवायचा कसा? एकत्र कुटुंबात याची सोय असते, न्यूक्लियर घरात ती ठरवून करावी लागते. भरवण्याचे काम आजी, आजोबा किंवा दुसऱ्या पालकाने घ्यावे. ठरलेली वाटी-चमचा, ठरलेली जागा, आणि भरवून झाल्यावर बाळाचे तोंड-हात साबणाने धुणे. निव्वळ पाण्याने किंवा सॅनिटायझरने शेंगदाण्याचे प्रथिन नीट निघत नाही. मग आईने बाळाचा पापा घ्यायला हरकत नाही. दुसरा पालक रोज घरी नसेल तर आठवड्यातले तीन दिवस ठरवा. प्रयोगातही तीनदाच होते.

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना आईने काय सोडावे, यावरही पुष्कळ सल्ले मिळतात. ॲलर्जी टाळण्यासाठी आईने स्वतःला न बाधणारे पदार्थ सोडण्याचा फायदा अभ्यासांतून दिसलेला नाही. डिंकाच्या लाडवातले खोबरे-खसखस आईला चालत असतील तर बाळासाठी ते बंद करण्याचे कारण नाही. तिला बदाम बाधत असतील तर तिच्यासाठी वगळायचे, एवढेच.

तोंडातून नाही, कातडीतून

ब्रिटनमधल्या एव्हन परगण्यातल्या १३,९७१ मुलांच्या पाहणीत २००३ मध्ये एक विचित्र गोष्ट समोर आली. आईने गरोदरपणात शेंगदाणे खाल्ले की नाही याचा संबंध लागला नाही. संबंध लागला तो बाळाच्या पुरळावर लावलेल्या, शेंगदाणा तेल असलेल्या मलमांशी: अशा मुलांत ॲलर्जीची शक्यता ६.८ पट होती. चिघळलेल्या, पाणी सुटणाऱ्या पुरळाशीही तसाच संबंध दिसला, ५.२ पट. पुढच्या संशोधनातून मांडणी अशी आकाराला आली की तोंडावाटे गेलेले अन्न शरीर आपले मानायला शिकते, फुटलेल्या कातडीतून शिरलेले तेच अन्न शरीराला शत्रू वाटते.

बाळाला रोज मालीश करणाऱ्या आपल्या घरांसाठी हा आकडा महत्त्वाचा आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. आईवडिलांना ॲलर्जी असेल तर बाळाला इसब होण्याची शक्यता जास्त असते. लाकडी घाण्याचे शेंगदाणा, तीळ किंवा बदामाचे तेल शहरात आता गल्लोगल्ली मिळते आणि शुद्ध म्हणून कौतुकाने वापरले जाते. कच्च्या तेलात प्रथिने शिल्लक राहतात. १९९७ मधल्या ब्रिटिश प्रयोगात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ६० प्रौढांना दोन्ही तेले देऊन पाहिली. रिफाइंड तेलाने एकालाही त्रास झाला नाही, कच्च्या तेलाने सहा जणांना झाला. म्हणून दोन गोष्टी. घरात शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर घाण्याचे शेंगदाणा तेल स्वयंपाकात नको. आणि बाळाची कातडी कोरडी, लाल, फुटलेली असेल तर अन्नाच्या तेलाने मालीश करू नये. डॉक्टरांनी दिलेले साधे, गंधहीन मलम दिवसातून दोनदा लावावे. इसबावर लवकर उपचार करणे ॲलर्जी असलेल्या आईबापांच्या पूर्णपणे हातात आहे.

तीस मिनिटे

आता ते चौदा. दहा हजार मुलांतल्या ज्या चौदांना खरोखर ॲलर्जी आहे, त्यांच्या बाबतीत सैलपणा चालत नाही. घाबरून जाण्याचेही कारण नाही: अन्नाची ॲलर्जी असलेल्या १० लाख माणसांमागे त्या ॲलर्जीने होणारे मृत्यू वर्षाला १.८१ आहेत, १९ वर्षांपर्यंतच्या वयात ३.२५. ब्रिटनमध्ये १९९८ ते २०१८ या काळात अन्नामुळे तीव्र झटका येऊन रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण लाखामागे १.२३ वरून ४.०४ झाले, पण दाखल झालेल्यांतले मृत्यू ०.७० टक्क्यांवरून ०.१९ टक्क्यांवर आले. शाळकरी मुलांच्या मृत्यूंत एकच पदार्थ सर्वांत पुढे होता आणि तो शेंगदाणा नव्हता. तो गायीचे दूध होता, २६ टक्के. दुधाला निरुपद्रवी समजणाऱ्या आपल्या समाजाने हे लक्षात ठेवावे. दुधाची ॲलर्जी बहुतेकांची वयाबरोबर जाते. एका अमेरिकी दवाखान्यातल्या मुलांत आठव्या वर्षापर्यंत ४२ टक्के आणि सोळाव्या वर्षापर्यंत ७९ टक्के मुले मोकळी झाली. जी उरतात, त्यांची ॲलर्जी मात्र कडक असते.

ब्रिटनमधल्याच मृत्यूंच्या जुन्या अभ्यासात अन्नाचा झटका सुरू झाल्यापासून श्वास किंवा हृदय थांबेपर्यंतचा मध्यक वेळ ३० मिनिटे होता. पैठणहून छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय साधारण ५० किलोमीटर आहे, सिल्लोडहून त्याहून जास्त. अर्ध्या तासात तिथे पोहोचता येत नाही. तेव्हा औषध जवळ हवे, आणि औषध एकच: ॲड्रेनालिन. ॲलर्जीची नेहमीची गोळी अंगावरची गांधी घालवते, श्वास मोकळा करत नाही. परदेशातल्या आईबापांच्या पर्समध्ये असते ते आपोआप टोचणारे पेन भारतात सहज मिळत नाही. ॲड्रेनालिनचे ॲम्प्यूल मात्र स्वस्त आहे आणि लसीकरण होते त्या प्रत्येक केंद्राच्या आपत्कालीन संचात ते असते. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर. म्हणजे १५ किलोच्या मुलाला नेहमीच्या ॲम्प्यूलमधले ०.१५ मिलिलिटर. ज्यांच्या मुलाला एकदा झटका येऊन गेला आहे त्यांनी डॉक्टरांकडून हे लेखी घ्यावे, ॲम्प्यूल आणि एक मिलिलिटरची सिरिंज जवळ ठेवावी, टोचायला शिकून घ्यावे. अंगावर गांधी उठून सोबत उलटी, घरघर, आवाज बसणे किंवा मूल मलूल पडणे असे काही दिसले की आधी टोचायचे, मग १०८ ला फोन करायचा. मुलाला झोपवून ठेवावे, श्वास लागत असेल तर टेकून बसवावे, चालवू नये. पहिला झटका ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा येण्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के आहे, म्हणून दवाखान्यात जाणे टाळू नये.

पालकालाही ॲलर्जी असेल तर हा संच दोघांसाठी हवा. प्रौढांची मात्रा ०.५ मिलिग्रॅम, वेगळी लिहिलेली. दुपारी घरात आई आणि मूल दोघेच असताना झटका आईला आला, तर काय करायचे हे शेजारच्या एका तरी घराला माहीत असावे. ज्याने स्वतः झटका अनुभवला आहे, त्याला मुलाची पहिली लक्षणे इतरांआधी ओळखता येतात. त्या ओळखीवर विश्वास ठेवावा.

बाहेरच्या खाण्याचे काय? भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल-नियमांनुसार पाकिटावर ग्लुटेनयुक्त धान्ये, खेकडा-कोळंबी वर्गातले जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि सल्फाइट यांचा ॲलर्जीकारक म्हणून उल्लेख बंधनकारक आहे. यात तीळ नाही. मोहरी नाही. हरभरा नाही, जरी हरभऱ्याची ॲलर्जी मुंबईच्या संशोधकांनी २००१ मध्येच दाखवून दिली होती. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा केला, युरोपीय संघाच्या १४ पदार्थांच्या यादीत तीळ आणि मोहरी दोन्ही आहेत. संक्रांतीला ज्या राज्यात घरोघर तिळगूळ वाटतात आणि ज्या भागात काळ्या मसाल्यातही तीळ भाजून घालतात, तिथल्या ग्राहकाला पाकीट तिळाबद्दल इशारा देत नाही. ही यादी वाढवण्याची मागणी इथूनच जायला हवी. तोवर संभाजीनगरच्या गुलमंडीतल्या दुकानात सुटी चटणी किंवा मसाला घेताना ‘यात काय काय आहे’ हे प्रत्येक वेळी तोंडाने विचारावे लागेल.

शाळेत मात्र थांबण्याची गरज नाही. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात अंडे आणले तेव्हा अंडे न खाणाऱ्यांसाठी केळी ठेवली होती, म्हणजे एका मुलासाठी वेगळा पदार्थ देणे व्यवस्थेला जमते. जूनमध्ये शाळा सुरू होताना मुख्याध्यापकांकडे आणि वर्गशिक्षिकेकडे एकेक कागद द्या: मुलाला नेमके काय बाधते, पहिली लक्षणे कोणती, ॲड्रेनालिनची मात्रा किती, दोन फोन नंबर, आणि खाली डॉक्टरांची सही. निदान पक्के नसेल, तर तो कागद लिहिण्याआधी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली पदार्थ खाऊ घालून पाहण्याची चाचणी मागून घ्या.